आतड्याची शस्त्रक्रिया आणि स्टोमा : पूर्वतयारी, शुश्रूषा व पुनर्वसन

सारांश

आतड्याचा रोगग्रस्त भाग काढून टाकल्यानंतर मलविसर्जनासाठी पोटाच्या भिंतीवर जे कृत्रिम मुख तयार केले जाते, त्यास स्टोमा असे म्हणतात. ही शस्त्रक्रिया अनेकदा प्राणरक्षक ठरते. तथापि तिच्याविषयी समाजात अज्ञान, भीती आणि संकोच आढळतो. प्रस्तुत लेखात स्टोमाचे स्वरूप, त्याचा इतिहास, शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी, रुग्णालयातील व घरातील शुश्रूषा, आहार, तसेच सामाजिक पुनर्वसन यांचे विवेचन केले आहे. शस्त्रक्रियेचे यश केवळ शस्त्रक्रियागृहात ठरत नसून तत्पूर्वीची तयारी आणि त्यानंतरची घरची काळजी यांवरही ते अवलंबून असते, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : स्टोमा, कोलोस्टोमी, इलिओस्टोमी, पूर्वतयारी, शुश्रूषा, पुनर्वसन.

१. प्रस्तावना

मानवी जीवनात अन्नग्रहणाला जितके महत्त्व आहे तितकेच उत्सर्जनालाही आहे. परंतु अन्नाविषयी मोकळेपणाने बोलणारा समाज उत्सर्जनाविषयी बोलताना संकोचतो. या संकोचाची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते ती आतड्याच्या विकाराने ग्रस्त असलेल्या रुग्णाला. शौचावाटे रक्त पडणे, शौचाच्या सवयीत बदल होणे, पोट फुगणे यांसारखी लक्षणे मूळव्याध समजून महिनोन्‌महिने लपविली जातात. पुढे निदान होते तेव्हा शस्त्रक्रियेवाचून पर्याय उरत नाही. आणि ‘पोटावर पिशवी लावावी लागेल’ हे वाक्य ऐकताच रुग्ण व त्याचे कुटुंब खचून जाते. काही रुग्ण तर केवळ या भीतीपोटी शस्त्रक्रियाच नाकारतात.

मोठे आतडे व गुदाशय यांचा कर्करोग हा आज जगातील सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांमध्ये तिसऱ्या क्रमांकाचा आहे. २०२२ या एका वर्षात जगभरात या कर्करोगाच्या १९ लाखांहून अधिक नव्या रुग्णांची नोंद झाली. मात्र स्टोमा हा केवळ कर्करोगाशी निगडित नाही. आतड्याचा दीर्घकालीन दाह, आतडे अडकणे, अपघातातील इजा, जन्मतः गुदद्वार नसणे ही कारणेही महत्त्वाची आहेत. भारतासारख्या देशात विषमज्वराने आतड्याला छिद्र पडणे आणि आतड्याचा क्षयरोग यांचीही त्यात भर पडते. म्हणजेच नवजात अर्भकापासून वृद्धापर्यंत कोणाच्याही वाट्याला ही अवस्था येऊ शकते.

२. लेखाची उद्दिष्टे

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. पहिले, स्टोमा या संकल्पनेचा शास्त्रीय अर्थ व विकास स्पष्ट करणे. दुसरे, शस्त्रक्रियेपूर्वीच्या व नंतरच्या काळजीची कारणमीमांसा करणे. तिसरे, महाराष्ट्रातील राहणीमान, आहार व चालीरीती यांच्या संदर्भात या काळजीचा विचार करणे.

३. स्टोमा : अर्थ व प्रकार

‘स्टोमा’ हा मूळ ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ ‘मुख’ असा होतो. पोटाच्या भिंतीत छेद घेऊन आतड्याचे टोक बाहेर काढले जाते आणि त्याची कड उलटवून त्वचेला टाके घालून जोडली जाते. हा भाग ओठांच्या आतील बाजूसारखा लालसर, ओलसर व मऊ असतो. त्यात स्पर्शाची व वेदनेची जाणीव करून देणारे मज्जातंतू नसल्यामुळे त्याला हात लावल्यास दुखत नाही. त्याला गुदद्वारासारखा आवळणारा स्नायू नसल्याने मल व वायू यांचे विसर्जन रुग्णाच्या इच्छेवर अवलंबून राहत नाही. म्हणूनच त्यावर पिशवी लावणे आवश्यक ठरते.

स्टोमाचे वर्तन समजून घेण्यासाठी आतड्यांचे कार्य लक्षात घ्यावे लागते. लहान आतडे सुमारे ६ मीटर, तर मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. लहान आतड्यात अन्नरसाचे शोषण होते. मोठ्या आतड्याकडे दररोज साधारणतः दीड लिटर पातळ द्रव येतो. त्यातील बहुतांश पाणी व क्षार तेथे शोषले जातात आणि बांधीव मल तयार होतो. या एका वस्तुस्थितीवरून दोन प्रमुख प्रकारांतील फरक स्पष्ट होतो.

मोठ्या आतड्याचे टोक बाहेर काढल्यास त्यास कोलोस्टोमी म्हणतात. ती बहुधा पोटाच्या खालच्या डाव्या बाजूस असते. तेथवर पाण्याचे शोषण बरेचसे पूर्ण झालेले असल्यामुळे मल घट्टसर असतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग बाहेर काढल्यास त्यास इलिओस्टोमी म्हणतात. ती बहुधा उजव्या बाजूस असते. तिच्यातून येणारा स्राव पातळ असतो, दिवसभर अधूनमधून येत राहतो आणि त्यातील पाचक रसांमुळे तो त्वचेला दाहक ठरतो. इलिओस्टोमी असलेल्या रुग्णास पाणी, क्षार व त्वचा या तिन्हींची अधिक दक्षता का घ्यावी लागते, याचे उत्तर येथे मिळते.

स्टोमा कायमस्वरूपी किंवा तात्पुरता असू शकतो. गुदाशय व गुदद्वार दोन्ही काढावे लागल्यास कोलोस्टोमी कायमची असते. आतड्याची दोन टोके आत जोडल्यानंतर तो जोड भरून येईपर्यंत त्यावरून मल जाऊ नये, यासाठी केलेली इलिओस्टोमी मात्र तात्पुरती असते.

४. ऐतिहासिक आढावा

आतड्यावरील शस्त्रक्रियेचा विचार भारतीय परंपरेला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत आतड्यातील अवरोधासाठी बेंबीखाली डाव्या बाजूस पोट उघडून आतडे बाहेर काढणे, अडथळा दूर करणे आणि छिद्राच्या कडा काळ्या मुंग्यांच्या दंशाने जुळवणे यांचे वर्णन आढळते. मात्र हेतुपूर्वक तयार केलेल्या स्टोमाचा इतिहास युरोपात अठराव्या शतकात सुरू होतो. १७७६ साली फ्रान्समधील पिलोर यांनी मोठ्या आतड्याच्या आरंभीच्या भागाला पोटावर वाट करून दिली; तो रुग्ण फार काळ जगला नाही. १७९३ साली फ्रान्समधीलच ड्युरे यांनी गुदद्वाराविना जन्मलेल्या, अवघ्या काही दिवसांच्या अर्भकावर कोलोस्टोमी केली आणि ते मूल पुढे चाळीस वर्षांहून अधिक काळ जगले. स्टोमासह दीर्घायुष्य शक्य आहे, याचा हा प्रारंभीचा पुरावा होय.

विसाव्या शतकात शस्त्रक्रियेचे तंत्र वेगाने प्रगत झाले. १९०८ साली इंग्लंडमधील अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशयाच्या कर्करोगासाठी पोट व गुदमार्ग अशा दोन्ही बाजूंनी करावयाच्या शस्त्रक्रियेचे वर्णन केले. १९५२ साली ब्रायन ब्रुक यांनी इलिओस्टोमीचे टोक बाहीच्या कडेसारखे उलटवून टाके घालण्याची पद्धत मांडली. त्यामुळे दाहक स्राव त्वचेवर न पसरता थेट पिशवीत पडू लागला. तत्त्वतः तीच पद्धत आजही वापरली जाते.

तथापि रुग्णाचे जीवन सुसह्य करण्याचे श्रेय केवळ शल्यचिकित्सकांचे नाही. १९५४ साली डेन्मार्कमधील परिचारिका एलिसे सोरेनसेन यांच्या बहिणीला कोलोस्टोमीनंतर घराबाहेर पडणे अशक्य झाले होते. तिच्यासाठी त्यांनी त्वचेला चिकटणारी, वापरून टाकून देता येणारी पिशवी कल्पिली. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकचे शल्यचिकित्सक रूपर्ट टर्नबुल यांनी १९५८ साली नॉर्मा गिल या स्वतः इलिओस्टोमी झालेल्या महिलेस रुग्णांच्या मार्गदर्शनासाठी नियुक्त केले आणि १९६१ साली तेथे या विषयाचे प्रशिक्षण सुरू झाले. स्टोमा परिचर्या ही परिचर्याशास्त्राची स्वतंत्र शाखा त्यातून उदयास आली. तिचा आरंभ एका रुग्णाच्या अनुभवातून झाला, ही बाब लक्षणीय आहे.

या इतिहासाचा एक धागा भारतीय अरण्यापर्यंत पोहोचतो. त्वचेच्या संरक्षणासाठी टर्नबुल यांनी वापरलेला कराया डिंक हा भारतातील कोरड्या पानझडी वनांत वाढणाऱ्या, मराठीत कांडोळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या खोडाच्या वृक्षापासून मिळतो. पुढे पेक्टिन, जिलेटिन आदी घटकांपासून बनविलेल्या चकत्यांनी त्याची जागा घेतली.

५. शस्त्रक्रियेपूर्वीची तयारी

५.१ माहिती व संमती

तातडीची शस्त्रक्रिया वगळता, रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस ते काही आठवड्यांचा अवधी मिळतो. या अवधीचा पहिला उपयोग माहितीसाठी व्हावा. आतड्याचा कोणता भाग काढला जाणार, स्टोमा कायमचा की तात्पुरता, गुदद्वार राहणार किंवा नाही, मूत्रविसर्जन व लैंगिक कार्य यांवर कोणता परिणाम संभवतो, हे प्रश्न रुग्णाने स्वतः विचारावेत. आपल्याकडे ही चर्चा बहुधा मुलगा, पती किंवा जावई यांच्याशी होते आणि रुग्णास, विशेषतः वृद्धांना व स्त्रियांना, ‘उगाच घाबरतील’ म्हणून अंधारात ठेवले जाते. शुद्धीवर आल्यावर पोटावर पिशवी दिसणे हा आघात त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. संमतीपत्रावरील स्वाक्षरी किंवा अंगठा म्हणजे संमती नव्हे. समजून दिलेला होकार म्हणजे संमती होय. शक्य असल्यास शस्त्रक्रियेपूर्वीच रिकामी पिशवी हाताळून पाहावी व थोडा वेळ पोटावर चिकटवून वावरावे.

५.२ शारीरिक तयारी

दीर्घ आजारामुळे अनेक रुग्णांचे वजन घटलेले व रक्त कमी झालेले असते. पंडुरोग व कुपोषण या अवस्थांत जखमा व आतड्याचे जोड उशिरा भरून येतात. म्हणून लोहाची कमतरता भरून काढणे, डाळी, दूध, अंडी, मासे यांद्वारे प्रथिने वाढविणे आणि रक्तातील साखर नियंत्रणात आणणे आवश्यक असते. आतड्यात अडथळा असल्यास मात्र आहार डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावा. धूम्रपान किमान चार आठवडे आधी थांबविल्यास फुप्फुसाच्या व जखमेच्या तक्रारी कमी होतात. तंबाखू व मिश्री यांचाही त्याग करावा. त्यांतील निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. दररोज चालणे आणि दीर्घ श्वसनाचे व्यायाम यांमुळे शस्त्रक्रियेनंतर कफ साचण्याचा धोका कमी होतो. रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाची औषधे, तसेच सुरू असलेले आयुर्वेदिक वा घरगुती उपचार यांची माहिती भूलतज्ज्ञांना न लपविता द्यावी.

काही शस्त्रक्रियांपूर्वी आतडे स्वच्छ करण्यासाठी रेचक द्राव दिला जातो आणि सोबत प्रतिजैविके दिली जातात. सर्वसाधारणपणे भुलीपूर्वी ६ तास घन आहार व २ तास पाण्यासारखे पारदर्शक द्रव बंद केले जातात. दुधाचा चहा पारदर्शक द्रवात मोडत नाही, तो आहारात मोडतो. हा भेद न कळल्याने शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागू शकते. डॅनिश शल्यचिकित्सक हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात विकसित केलेल्या शीघ्र पुनर्लाभाच्या पद्धतीमुळे दीर्घ उपवास व दीर्घ अंथरूण या दोन्ही जुन्या प्रथा मागे पडल्या आहेत.

५.३ स्टोमाच्या जागेची निश्चिती

पूर्वतयारीतील सर्वांत महत्त्वाची, परंतु अनेकदा दुर्लक्षित राहणारी पायरी म्हणजे पोटावर स्टोमाची जागा आधीच चिन्हांकित करणे. शस्त्रक्रियेच्या टेबलावर उताणे झोपलेल्या व्यक्तीचे पोट सपाट दिसते. तीच व्यक्ती बसल्यावर पोटाला वळ्या पडतात. वळीत आलेल्या स्टोमावर पिशवी टिकत नाही, स्राव झिरपतो व त्वचा सोलवटते. यासाठी रुग्णाला झोपवून, बसवून, उभे करून आणि वाकवून जागा पाहिली जाते. ती पोटाच्या सरळ स्नायूच्या पट्ट्यात, जुने व्रण, बेंबी व हाडांचे उंचवटे यांपासून दूर आणि रुग्णाला स्वतःला दिसेल अशी असावी.

पाश्चात्त्य ग्रंथांत या संदर्भात पँटच्या पट्ट्याचा उल्लेख येतो. महाराष्ट्रातील रुग्णाच्या बाबतीत नऊवारीचा कासोटा, सहावारीच्या निऱ्या व परकराची नाडी, धोतराची किंवा लुंगीची गाठ यांचा विचार करावा लागतो. मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे वा खुरपणी करणे, नमाजासाठी वाकणे, वाहन चालविणे या रोजच्या हालचाली रुग्णाकडून प्रत्यक्ष करवून घेऊन मगच खूण केल्यास पुढील अनेक वर्षांचा त्रास टळू शकतो. या तपासणीस अर्धा तासही लागत नाही. परंतु ती राहून गेल्यास तिची भरपाई कोणत्याही महागड्या पिशवीने पूर्णतः होत नाही.

६. रुग्णालयातील काळ

शस्त्रक्रिया पोट उघडून, दुर्बिणीद्वारे किंवा यंत्रमानवाच्या साहाय्याने केली जाते. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाच्या अंगावर सलाईन, लघवीची नळी व प्रसंगी पोटातील निचऱ्याची नळी असते. वेदनाशामके घेण्यास रुग्णाने संकोच करू नये. वेदना दाबून पडून राहिल्यास खोल श्वास घेता येत नाही व खोकता येत नाही. डॉक्टरांच्या अनुमतीने पहिल्याच दिवशी बसणे व नंतर चालणे सुरू केल्यास पायातील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका घटतो आणि आतड्याची हालचाल लवकर सुरू होते. ‘पोटाचे ऑपरेशन झाले, आता हलू नका’ हा नातेवाइकांचा प्रेमळ आग्रह शास्त्रीयदृष्ट्या अयोग्य आहे. खोकताना वा उठताना जखमेवर उशी धरावी आणि कुशीवर वळून हातांच्या आधाराने उठावे.

प्रारंभी स्टोमा सुजलेला असतो. सहा ते आठ आठवड्यांत तो आकसून स्थिर होतो. प्रथम वायू व नंतर मल येतो. इलिओस्टोमी बहुधा एक ते तीन दिवसांत, तर कोलोस्टोमी दोन ते पाच दिवसांत कार्य सुरू करते. गुदाशय आत ठेवला असल्यास त्यातून अधूनमधून चिकट आव पडते, तर गुदाशय काढला असल्यासही शौचास आल्याची भावना होऊ शकते. या दोन्ही गोष्टी स्वाभाविक असून रुग्णाला त्या आधी सांगितल्यास अनावश्यक भीती टळते.

घरी जाण्यापूर्वी रुग्णाने स्वतः पिशवी रिकामी करणे व बदलणे शिकले पाहिजे. कुटुंबातील एका व्यक्तीनेही ते शिकावे. परंतु संपूर्ण जबाबदारी पत्नीवर किंवा सुनेवर टाकणे इष्ट नाही. स्वावलंबन हाच आत्मसन्मानाचा पाया असतो.

७. घरी परतल्यानंतरची काळजी

७.१ पिशवी व त्वचा

पिशव्या एकसंध किंवा दोन भागांच्या असतात. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरताच रिकामी करावी. अधिक भरल्यास वजनाने तिची पकड सुटते. खालून उघडणारी पिशवी व तिची चकती सर्वसाधारणपणे तीन-चार दिवसांनी बदलावी. झिरपणे सुरू झाल्यास मात्र वाट न पाहता ती तत्काळ बदलावी, वरून चिकटपट्टी लावू नये. चकतीचे छिद्र स्टोमापेक्षा दोन ते तीन मिलिमीटर मोठे असावे. ते अधिक मोठे झाल्यास उघड्या त्वचेवर मल साचतो, लहान झाल्यास स्टोमाला काचते. सूज उतरेपर्यंत दर आठवड्याला माप घेणे आवश्यक असते.

भोवतालची त्वचा साध्या कोमट पाण्याने धुऊन मऊ कापडाने टिपावी. पुसताना स्टोमातून थोडेसे रक्त येणे स्वाभाविक आहे. घरगुती उपाय म्हणून खोबरेल तेल, हळद, साय किंवा पावडर लावू नये. त्यांमुळे चकती चिकटत नाही. जंतुनाशक द्रावांनी त्वचा भाजल्यासारखी होते. स्नान पिशवीसह वा पिशवीविना करता येते. पिशवी बदलण्यासाठी सकाळची, काही खाण्यापूर्वीची वेळ सोयीची असते, कारण त्या वेळी स्राव कमी असतो. वापरलेली पिशवी शौचकूपात टाकू नये. ती रिकामी करून, कागदात गुंडाळून कचऱ्यात द्यावी.

७.२ आहार

पहिले सहा ते आठ आठवडे मऊ व कमी चोथ्याचा आहार घ्यावा. मऊ भात, मुगाची खिचडी, दही, ताक, उकडलेला बटाटा, अंडे, साल काढलेल्या भाज्या, केळे हे पदार्थ सोसतात. थोडे थोडे, वारंवार व सावकाश चावून खावे. त्यानंतर एका वेळी एकच नवा पदार्थ अल्प प्रमाणात सुरू करून त्याचा परिणाम पाहावा.

इलिओस्टोमीच्या रुग्णाने ओले व सुके खोबरे, मक्याचे कणीस, शेंगदाणे, सुकामेवा, अख्खी मोडाची कडधान्ये, गवारीसारख्या रेषा असलेल्या शेंगा आणि संत्र्यावरील पांढरे आवरण यांबाबत विशेष सावध राहावे. न चावलेला चोथा अडकून मार्ग बंद होऊ शकतो. मराठी स्वयंपाकात खोबरे व दाण्याचा कूट सर्रास असल्याने ही सूचना स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. वाल, पावटे, कोबी व फसफसणारी शीतपेये यांमुळे वायू वाढतो; कांदा, लसूण, अंडी व मासळी यांमुळे वास वाढू शकतो. भात, केळे व साबुदाणा यांमुळे स्राव दाट होण्यास मदत होते. बीट खाल्ल्यास मल लालसर दिसतो. ते रक्त नव्हे. कोलोस्टोमीच्या रुग्णास मात्र कालांतराने जवळजवळ सर्व नेहमीचा आहार घेता येतो आणि बद्धकोष्ठ टाळण्यासाठी पुरेसे पाणी व चोथाही लागतो.

७.३ पाणी व क्षार यांचे संतुलन

इलिओस्टोमीनंतर पहिल्या काही आठवड्यांत रुग्णालयात पुन्हा दाखल व्हावे लागण्याचे एक प्रमुख कारण म्हणजे शरीरातील पाणी कमी होणे. स्थिर झालेल्या इलिओस्टोमीतून दिवसाला साधारणतः ५०० ते १००० मिलिलिटर स्राव येतो. तो दीड लिटरपेक्षा अधिक होऊ लागल्यास धोका संभवतो. या स्रावाबरोबर सोडियमही मोठ्या प्रमाणात बाहेर जाते. अशा वेळी ‘तहान लागते म्हणून भरपूर पाणी प्यावे’ ही स्वाभाविक प्रतिक्रिया घातक ठरू शकते. क्षारविरहित साधे पाणी लहान आतड्यात शिरल्यावर आतड्याच्या भिंतीतून सोडियम आतील द्रवात ओढले जाते, त्यापाठोपाठ पाणी जाते आणि स्राव आणखी वाढतो. उसाचा रस किंवा शीतपेये यांतील अतिरिक्त साखरेमुळेही स्राव वाढतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम अधिक व सोडियम कमी असल्याने तेही पुरेसे नाही.

यावरील शास्त्रीय उपाय म्हणजे साखर व मीठ यांचे योग्य प्रमाणातील द्रावण. कारण ग्लुकोजच्या सोबतीने सोडियमचे शोषण वेगाने होते. अधिक स्राव असलेल्या रुग्णांसाठी १ लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण डॉक्टरांच्या सल्ल्याने दिले जाते व साध्या पाण्यावर मर्यादा घातली जाते. हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह असलेल्यांनी हे परस्पर करू नये. विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळा, शेतातील श्रम, तसेच एकादशीचे निर्जळ उपवास वा रमजानचे रोजे या प्रसंगी अशा रुग्णांनी आधी वैद्यकीय सल्ला घेणे अत्यावश्यक आहे.

७.४ श्रम व औषधे

पोटाच्या भिंतीतील छिद्रामुळे तेथे हर्निया होण्याची शक्यता कायम असते. पहिले दोन ते तीन महिने जड वजन उचलू नये. पाण्याची भरलेली कळशी, धान्याचे पोते, गॅसची टाकी, कडेवरचे मूल ही सर्व जड वजनेच होत. ग्रामीण भागातील स्त्रीला घरी पोहोचताच पाणी भरावे लागते. म्हणून या सूचनेचे उत्तरदायित्व कुटुंबाचेही आहे. चालण्याचा व्यायाम मात्र पहिल्या दिवसापासून वाढवीत न्यावा.

इलिओस्टोमीच्या रुग्णात विशेष आवरणाच्या व दीर्घकाळ विरघळणाऱ्या गोळ्या न विरघळताच पिशवीत पडू शकतात. त्यामुळे प्रत्येक डॉक्टरला व औषध विक्रेत्याला स्टोमाची कल्पना द्यावी. गर्भनिरोधक गोळ्यांचे शोषणही अपुरे होऊ शकते. जुलाबाची औषधे अशा रुग्णास देऊ नयेत. लहान आतड्याचा शेवटचा भाग बराचसा काढला असल्यास ब-१२ जीवनसत्त्वाचे शोषण होत नाही व त्याची इंजेक्शने घ्यावी लागतात.

८. तातडीच्या वैद्यकीय साहाय्याची लक्षणे

स्टोमाचा रंग जांभळा, करडा किंवा काळा होणे हे रक्तपुरवठा खंडित झाल्याचे लक्षण असून विलंब न करता रुग्णालय गाठावे. इलिओस्टोमीतून चार ते सहा तास काहीही न येणे व सोबत पोटात कळा, फुगणे किंवा उलट्या होणे हे अडथळ्याचे लक्षण होय. स्राव एकाएकी वाढणे, लघवी कमी व गडद होणे, उभे राहताच भोवळ येणे, पायात गोळे येणे ही पाणी कमी झाल्याची चिन्हे आहेत. स्टोमाच्या आतून रक्तस्राव, ताप, जखमेतून पू, स्टोमा आत खचणे वा फार बाहेर येणे याही अवस्थांत त्वरित सल्ला घ्यावा.

९. मानसिक व सामाजिक पुनर्वसन

शरीराची जखम काही आठवड्यांत भरते. मनाची भरण्यास अधिक काळ लागतो. स्वतःच्या शरीराविषयी घृणा, वासाची सततची धास्ती, समारंभ टाळणे, जोडीदारापासून दूर राहणे ही लक्षणे अनेक रुग्णांत दिसतात. भारतीय समाजात यात शुद्धाशुद्धतेच्या कल्पनांची भर पडते. स्वयंपाकघर, देवघर, हळदीकुंकू किंवा मंदिर यांपासून रुग्णाने स्वतःहून अथवा इतरांच्या दबावाने दूर राहणे यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. प्रत्येक मनुष्याच्या उदरात मल असतोच. स्टोमामुळे केवळ त्याच्या निर्गमनाची जागा बदलते. नीट बसविलेल्या पिशवीतून वास येत नाही.

विवाह, दांपत्यजीवन व मातृत्व स्टोमासह शक्य असते. गुदाशयाच्या शस्त्रक्रियेत मज्जातंतूंना इजा झाल्यास लैंगिक अडचणी उद्भवू शकतात. त्याविषयी डॉक्टरांशी बोलणे उपयुक्त ठरते. बैठे काम असणारे बरेचसे लोक दीड-दोन महिन्यांत कामावर परततात. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलपटू रॉल्फ बेनिर्श्की १९७९ साली अशा शस्त्रक्रियांना सामोरे गेल्यानंतर पुन्हा मैदानात उतरले व १९८६ पर्यंत खेळत राहिले. प्रवासात दोन-तीन जादा पिशव्या, आधीच कापलेल्या चकत्या, पाण्याची बाटली व कागद जवळ बाळगल्यास एसटीचा लांबचा प्रवासही करता येतो. डाव्या बाजूची कोलोस्टोमी असलेल्या काही रुग्णांना, प्रशिक्षणानंतर, कोमट पाण्याने आतडे धुण्याच्या पद्धतीद्वारे ठरावीक वेळी मलविसर्जन करता येते.

या प्रवासात समदुःखी व्यक्तीची भेट अत्यंत मोलाची ठरते. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे, तर टाटा स्मारक रुग्णालयाने स्टोमा परिचर्येच्या प्रशिक्षणात महत्त्वाचे योगदान दिले आहे. १९९३ पासून ऑक्टोबर महिन्यात दर तीन वर्षांनी जागतिक ऑस्टॉमी दिन पाळला जातो.

१०. आर्थिक व व्यवस्थात्मक बाजू

महाराष्ट्रात २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१७ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने पुढे आली. २०१८ साली केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. या योजनांमुळे मोठ्या शस्त्रक्रियांचा खर्च अनेक गरीब कुटुंबांच्या आवाक्यात आला. परंतु शस्त्रक्रिया एकदाच होते, पिशवी मात्र कायम लागते. हा आवर्ती खर्च न झेपल्यामुळे एकच पिशवी धुऊन अनेक दिवस वापरणे किंवा कापडाच्या घड्या बांधणे असे मार्ग अवलंबिले जातात आणि त्यातून त्वचेचे विकार उद्भवतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद आहेत. त्यांत स्टोमाचा स्वतंत्र उल्लेख नाही. प्रशिक्षित स्टोमा परिचारिका प्रामुख्याने मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आढळतात. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस जरी अशी परिचारिका उपलब्ध झाली, तरी ग्रामीण रुग्णाची मोठी परवड थांबेल.

११. स्टोमा बंद करण्याची शस्त्रक्रिया

तात्पुरता स्टोमा साधारणतः दोन ते तीन महिन्यांनंतर, आतील जोड भरल्याची खात्री करून बंद केला जातो. केमोथेरपी सुरू असल्यास हा काळ लांबतो. बंद केल्यानंतर सर्व काही लगेच पूर्ववत होते ही अपेक्षा योग्य नव्हे. गुदाशयाचा भाग काढलेला असल्यास वारंवार शौचास जाणे, घाई होणे, थोडे थोडे होणे हा त्रास काही महिने, क्वचित अधिक काळ राहतो. कटितळाच्या स्नायूंचे व्यायाम, आहारातील बदल व औषधे यांनी तो कमी करता येतो.

१२. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. स्टोमा ही रोगाची शिक्षा नसून जीवन पुढे नेण्यासाठी केलेली वाट आहे. तिची स्वीकृती शस्त्रक्रियेपूर्वीच्या स्पष्ट संवादावर अवलंबून असते. जागेची आधी केलेली निश्चिती, त्वचेची निगा, क्षार-पाण्याचे संतुलन आणि जड श्रमांपासून संरक्षण या चार बाबी सांभाळल्यास बहुसंख्य गुंतागुंती टाळता येतात. या बाबींसाठी महागड्या यंत्रांची नव्हे, तर प्रशिक्षित मार्गदर्शन, परवडणारी पिशवी आणि समजूतदार कुटुंब यांची आवश्यकता आहे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टी पुरविणे ही आरोग्यव्यवस्थेची जबाबदारी असून तिसरी गोष्ट निर्माण करण्याचे कार्य शिक्षणाला व समाजाला करावे लागेल. पिशवीच्या भीतीने शस्त्रक्रिया नाकारणारा प्रत्येक रुग्ण हा या तिन्ही घटकांच्या अपुरेपणाची साक्ष देतो.